तुमचं प्रोटीन हिस्टोनवरची कोणती खूण वाचतं, हे कसं शोधायचं

हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं, आणि त्यांच्या लायसिनसारख्या अमिनो अ‍ॅसिडवर लागलेले मिथाइल, अ‍ॅसिटायल असे छोटे रासायनिक गट म्हणजे खुणा. नवीन प्रोटीनमध्ये ब्रोमोडोमेन (डोमेन म्हणजे प्रोटीनचा ठरावीक घडीचा भाग) दिसलं की लोक लगेच लिहून मोकळे होतात, हे अ‍ॅसिटायल लायसिन वाचतं आणि जीन चालू करतं. एवढी घाई नको.

आधी प्रोटीनचा सिक्वेन्स इंटरप्रोमध्ये (डोमेन ओळखून देणारा ऑनलाइन डेटाबेस) टाका. ब्रोमोडोमेन आलं तर अ‍ॅसिटायल, क्रोमोडोमेन किंवा ट्यूडर आलं तर बहुतेक मिथाइल, इथपर्यंत ठीक. पीएचडी फिंगर (हेही एक डोमेनच) आलं तर मात्र सांभाळून, कारण बीपीटीएफ या प्रोटीनचं पीएचडी एच३ या हिस्टोनच्या लायसिन ४ वर तीन मिथाइल असले की पकडतं आणि एआयआरई प्रोटीनचं पहिलं पीएचडी तिथे काहीच नसलं तर पकडतं, म्हणजे बघा.

मग डोमेनमधला, खूण ज्यात बसते तो खिसा तपासा. मिथाइल लागलं तरी लायसिनचा पॉझिटिव्ह चार्ज जात नाही, म्हणून तिथे टायरोसिन, ट्रिप्टोफॅन अशा रिंगवाल्यांचा पिंजरा लागतो. अ‍ॅसिटायलने चार्ज जातो, तिथे हायड्रोजन बाँड करणारं अ‍ॅस्पॅराजिन शोधा, बीआरडी४ प्रोटीनच्या पहिल्या ब्रोमोडोमेनमध्ये ते १४० नंबरवर आहे. ते जागेवर नसेल तर शंका घ्यायचीच.

आता डोमेन कशावर बसतं ते बघायला पेप्टाइड (खूण लावून बनवलेला हिस्टोनचा छोटा तुकडा), आणि खरी गंमत इथे आहे. एच३ चं लायसिन ९ घ्या किंवा २७, दोन्हीकडे अ‍ॅलानिन-आर्जिनिन-लायसिन-सेरिन असाच क्रम, तरी क्रोमोडोमेनवाल्या प्रोटीनांपैकी एचपी१ मिथाइलवाल्या नऊवर बसतं आणि पॉलिकोम्ब सत्तावीसवर, कारण क्रोमोडोमेन लायसिनच्या आधीची अमिनो अ‍ॅसिडंही चाचपतं. म्हणून आखूड पेप्टाइड मागवून पैसे घालवू नका, आणि दोन्ही जागांचे शून्य, एक, दोन, तीन मिथाइलवाले कंट्रोल ठेवाच. सेरिन १० वर फॉस्फेट असलेलंही एक घ्या, मायटोसिसमध्ये (पेशी विभागताना) तो फॉस्फेट लागला की लायसिन ९ चं मिथाइल तसंच असूनही एचपी१ सुटतं.

आयटीसीमध्ये (बांधताना होणारी उष्णता मोजून पकड मोजायची पद्धत) केडी (पकड किती घट्ट त्याचा आकडा, जितका लहान तितकी घट्ट) मायक्रोमोलरमध्ये आला तर घाबरू नका, या पकडी सैलच असतात. बीपीटीएफचं पीएचडी आणि शेजारचं ब्रोमोडोमेन मिळून एकाच न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनचा गाभा आणि त्याभोवतीचा डीएनए) दोन खुणा धरतात, त्यामुळे जमलं तर न्यूक्लिओसोमवरही करून बघा.

शेवटी पिंजऱ्यातलं एखादं अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅलानिन करून चिप (प्रोटीन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणारा प्रयोग) करा. तरीही प्रोटीन जीनवर बसलेलंच दिसलं तर त्याला तिथे दुसरंच कुणीतरी आणतंय. आणि जीन चालू होणार की बंद, हे ते प्रोटीन सोबत कुणाला आणतं त्यावर आहे: बीआरडी४ पी-टेफबी (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आणतं आणि जीनची आरएनए नक्कल काढणारं पॉलिमरेज पुढे सरकतं, म्हणजे जीन चालू; एचपी१ लायसिन ९ ला मिथाइल लावणारं एन्झाइमच बोलावतं, म्हणजे जीन बंद. बीईटी प्रोटीन (बीआरडी४ च्या कुटुंबातलं) असेल तर जेक्यू१ (ब्रोमोडोमेनचा खिसा अडवणारा रेणू) पण वापरा, फक्त त्याचा निष्क्रिय आरसा-रेणू कंट्रोल म्हणून सोबत हवाच.