जबड्याच्या ऑपरेशननंतर घरी: पोटात पुरेसं अन्न कसं जाईल?

स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारासाठी, वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून साधारण १० मिलिमीटर पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. त्याबरोबर जीभ आणि टाळूही पुढे ओढले जातात, आणि झोपेत मिटणारी श्वासाची वाट मोकळी राहते. हे काम सर्जनचं. पुढचे सहा आठवडे घरच्यांचे. मी अशा पेशंटची घरी शुश्रूषा करते आणि ठामपणे सांगते, माणसं सुजेने खचत नाहीत, उपासमारीने खचतात.

सोपं आधी. डोकं उंच ठेवून झोपवा. पहिले दोन दिवस बर्फ. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरते. तोवर आरसा नको. नाक शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही. दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेली झोपेची गोळी अजिबात नको. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, पुन्हा कधी लावायचं, हे सर्जनच ठरवतील.

आता खाण्याचं. दात रबरांनी बांधलेले, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. घोट ओठातून बाहेर येतो आणि पेशंटला कळतही नाही. मग तो लाजून ‘भूक नाही’ म्हणतो. ते खरं मानू नका. भूक असते, दमणूक जास्त असते.

‘स्ट्रॉने प्यायला द्या’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. ओढून पिताना तोंडात जो ताण येतो तो टाक्यांना नको असतो. सुई नसलेली, रुंद तोंडाची ५० मिलीची सिरिंज घ्या आणि तिला मऊ रबरी नळी लावा. पेशंटला ताठ बसवा. आडवं असताना एक थेंबही नको. नळी गाल आणि दात यांच्यामधून मागे, शेवटच्या दाढेपर्यंत सरकवा. तिथे दाढेमागे फट असते, पातळ पदार्थ तिथून आपोआप आत जातो. एका वेळी ५ ते १० मिली, आणि गिळलेलं गळ्यावर दिसल्यावरच पुढचं. खोकला आला की हात थांबवा. लवकरच पेशंट स्वतः सिरिंज धरायला लागतो. त्याला धरू द्या; आपल्या हाताने घेतलं की तो जास्त घेतो.

काय द्यायचं? नुसतं नारळपाणी आणि मोसंबीचा रस नको. त्याने पोटात पाणी जातं, ताकद मिळत नाही. मुगाच्या डाळीचं कढण, नाचणीची आंबील, तूप घातलेली भाताची पेज, दही घुसळून केलेली लस्सी, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर. सगळं मिक्सरमधून काढा आणि मग सुती पंचातून गाळा. चहाची गाळणी पुरत नाही. मोहरी, तीळ, मिरचीची बी टाक्यात अडकते आणि तिथेच कुजते, म्हणून फोडणी गाळण्याआधीच द्या. पायाचं सूप ‘हाडं जुळायला’ म्हणून कुणी आणलं तर गाळून द्या, पण जेवण म्हणून मोजू नका. आणि काहीही देण्याआधी थेंब आपल्या मनगटावर टाका. बधिर ओठ भाजला तरी पेशंट ओरडणार नाही.

दर दोन तासांनी द्या, दिवसभरात दोन लिटरच्या वर. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. वहीत मांडून ठेवा. लघवी गडद पिवळी आणि कमी झाली तर वही काहीही म्हणो, पोटात कमी जातंय. वजन थोडं उतरतंच. उतरतच राहिलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करा.

उलटीची भीती सगळ्यांना असते. पेशंटला पुढे वाकवा, मान खाली. पोटातलं पातळच असतं, दातांच्या फटीतून बाहेर येतं. तरीही लहान कात्री उशाशी हवीच, आणि कोणती रबरं कापायची हे घरी निघण्यापूर्वी सर्जनकडून बोटाने दाखवून घ्या. श्वास अडकत असेल, लालभडक रक्त थांबत नसेल किंवा दात अचानक वेगळे जुळायला लागले तर थेट हॉस्पिटल.

दर खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, आणि परवानगी मिळाली की लहान मुलांचा मऊ ब्रश.

रबरं सैल झाली की नातेवाईक पोळी पुढे करतात. साधारण सहा आठवडे चावणं नाही. जिभेने टाळूवर दाबून चिरडेल तेवढंच द्या: आसट खिचडी, उकडून कुस्करलेला बटाटा, पिकलं केळं.

घोरणं थांबलं म्हणून सीपॅप मशीन कुणाला देऊन टाकू नका. साधारण सहा महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा होते. तासाला श्वास किती वेळा अडतो ते त्या रिपोर्टमध्ये येतं. मशीनचं काय करायचं ते तेव्हा ठरवा.