यिर्मया 31 मधला 'नवा करार' कसा वाचायचा

आपल्याकडे बायबलच्या दुसऱ्या भागाचं नावच 'नवा करार' आहे, त्यामुळे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात 31:31 ला देव 'मी इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशी नवा करार करीन' म्हणतो ते वाचताना डोक्यात लगेच तो दुसरा भाग येतो, आणि गडबड इथूनच सुरू होते. हिब्रू शास्त्रात 'बेरीत हदाशा', म्हणजे नवा करार, हे शब्द फक्त याच एका ठिकाणी आलेत. यिर्मया बोलत होता तेव्हा तो दुसरा भाग नव्हताच, त्याच्यासमोर होतं ते मोडत चाललेलं यहूदाचं, म्हणजे दक्षिणेचं राज्य. म्हणून येशूकडे जायची घाई करू नका, आधी यिर्मयाजवळ थांबा.

पहिल्यांदा अध्याय 30 ते 33 एका बैठकीत वाचून काढा, तासभरही लागत नाही. उत्तरेचं इस्राएल इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांनी संपवलं होतं, आणि आता यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलाय. अध्याय 32 मधे यिर्मया स्वतः कैदेत आहे आणि तिथे बसून तो अनाथोथ या आपल्या गावातलं शेत 17 शेकेल चांदी मोजून विकत घेतो, खरेदीखतावर सही, साक्षीदार, शिक्का सगळं करून ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! नव्या कराराचं वचन या शेताच्या शेजारी ठेवून वाचा, मग कळतं की हा नुसता गोड आशीर्वाद नाहीये.

मग मागे जाऊन 17:1 उघडा. तिथे यहूदाचं पाप लोखंडी लेखणीने त्यांच्या हृदयाच्या पाटीवर कोरलंय असं म्हटलंय. आणि 31:33 मधे देव म्हणतो की मी माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. पाटी तीच, लिहिणारा बदलला! मला हा सगळ्या पुस्तकातला सगळ्यात हलवून टाकणारा धागा वाटतो. आणि नीट बघा, नियमशास्त्र रद्द करतो असं इथे कुठेच नाही, मूळ शब्द 'माझी तोरा' असाच आहे, फक्त मोशेच्या दगडी पाट्यांवरून ती आत येते. यहेज्केल 36:26 मधलं दगडाचं हृदय काढून मांसाचं देणं याच्यासोबत वाचा.

आता येशूकडे या. लूक 22:20 मधे वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, जेवणात तो प्याल्याला 'माझ्या रक्तातला नवा करार' म्हणतो, पौल 1 करिंथ 11:25 मधे तेच सांगतो. यिर्मयात रक्ताचा उल्लेख नाही, मग ते कुठून आलं? निर्गम 24:8, सीनाय डोंगराजवळ मोशे लोकांवर रक्त शिंपडतो तिथून. म्हणजे येशूच्या एका वाक्यात सीनाय आणि यिर्मया दोन्ही आहेत, दोन्ही पानांवर बोट ठेवूनच ते वाक्य वाचा.

इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात, 8:8-12 मधे, हा उतारा जवळपास पूर्ण येतो, नव्या करारातलं जुन्यातून घेतलेलं सगळ्यात लांब अवतरण हेच. पण 8:9 आणि यिर्मया 31:32 शेजारी ठेवलेत तर शेवट जुळत नाही. हिब्रूत देव म्हणतो मी त्यांचा पती होतो, इब्रीच्या पत्रात म्हणतो मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पत्राचा लेखक ग्रीक भाषांतरातून घेतोय आणि त्यात असंच आहे. कोणी विचारलं तर घाबरून झाकू नका, सरळ सांगा.

आणि कृपा करून वचन 34 ला थांबू नका! बरेच जण थांबतात. 35 ते 37 मधे देव म्हणतो सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नियम टळतील तेव्हाच इस्राएलचा वंश राष्ट्र म्हणून संपेल. करार इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशी आहे, बाकी राष्ट्रं ख्रिस्तामुळे त्यात आली असं आपण ख्रिस्ती मानतो. पण 'यहूद्यांना देवाने टाकलं, आता सगळं आपलं' असा अर्थ काढणं म्हणजे याच उताऱ्याच्या विरुद्ध जाणं. रोम 11 मधे पौल हेच कळकळीने सांगतो. यहूदी वाचक हा उतारा वेगळा समजतात, त्यांच्यासाठी तो इस्राएलच्या पुनर्स्थापनेचा आहे, आणि तेही ऐकून घ्या.

एक प्रश्न नक्की येईल. 34 मधे म्हटलंय कोणी कोणाला 'परमेश्वराला ओळखा' असं शिकवणार नाही, मग आपण अजून शिकवतोय कशाला? उत्तर असं द्या की क्षमा मिळालीये, लिहिणं सुरू झालंय, पण पाटी अजून भरलेली नाही. आणि मग 31 ते 37 पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, मधे समजावत न बसता.