धाप लागते तरी विडी पाहिजेच म्हणणाऱ्या वडिलांना सांभाळताना

आमचे अप्पा ७४ वर्षांचे. निम्मं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि विडी तर मिसरूड फुटायच्या आधीपासून. आई घरीच विड्या वळायची, त्यामुळे आमच्या घरात विडी विकत आणायची गोष्टच नव्हती, सुपात हात घातला की झालं. सोलापूरच्या पूर्व भागात हे घराघरात आहे, म्हणून लिहितोय. सीओपीडी म्हणजे फुफ्फुसं खराब होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार निघाला, तोंडाने औषध ओढायचे पंप आले, नंतर ऑक्सिजनचं मशीन आलं, तरी विडी काही गेली नाही. मी काय काय चुका केल्या आणि काय केल्याने फरक पडला ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे पोलिसगिरी. मी खिसे तपासायचो, गादीखाली बघायचो, विड्यांचा कट्टा सापडला की फेकून द्यायचो आणि वर चार शब्द सुनवायचो. त्याने झालं काय, तर अप्पा चोरून ओढायला लागले. एक दिवस रात्री अडीचला जाग आली, बघतो तर मोरीचं दार लोटलेलं, आत अप्पा पाटावर बसलेले, ऑक्सिजनची नळी गॉगलसारखी कपाळावर चढवलेली, मशीन बाहेर चालूच, आणि हातात काडेपेटी. काडी ओढायच्या आत मी हात धरला. नंतर मलाच रात्रभर झोप नाही.

म्हणून बाकी काही जमो न जमो, आधी हे एवढं करा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण साधी ठिणगीसुद्धा भडकवतो, आणि तो कपड्यात, केसात, चादरीत मुरून राहतो, नळी काढली की लगेच संपला असं नसतं. म्हणजे ओढायचीच असेल तर मशीन बंद, नळी काढून ठेवलेली, मग किमान अर्धा तास उघड्या हवेत बसायचं, गच्चीत नाहीतर अंगणात, आणि त्यानंतरच काडी, आणि तेव्हाही जवळ कोणीतरी पाहिजे. खोलीत कधीच नाही. तेवढा वेळ ऑक्सिजनशिवाय काढणं त्यांना झेपतंय का हे मात्र डॉक्टरांना विचारूनच. देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी हे सगळं मशीनपासून लांब, निदान दहा फूट. नाकाला नळी घासते म्हणून व्हॅसलीन लावतात, ते पण नको, पाण्यावर आधारलेलं जेल मिळतं ते घ्या. आणि डॉक्टरांना खरं सांगा की पेशंट अजून ओढतोय. लपवलं तर ते ऑक्सिजन देतानाच चुकीच्या अंदाजाने देणार.

आता ओढणं कमी कसं करायचं. मी एकदा शांत बसून विचारलं, अप्पा, दिवसातली कुठली विडी सगळ्यात जास्त पाहिजे असते? लगेच उत्तर आलं, सकाळची, त्याशिवाय पोट साफ होत नाही. म्हणजे तलफ वेगळी आणि परसाकडची सवय वेगळी हे तेव्हा कळलं. मग रात्री इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, असं चालू केलं. दोनतीन आठवड्यांनी ती पहिली विडी आपोआप मागे सरकली. (विडी सोडली की काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते, त्याला घाबरून परत सुरू करू नका.)

दुसरी विडी चहाबरोबरची, तिसरी जेवणानंतरची. प्रत्येकीचं कारण वेगळं, उपाय पण वेगळा. चहाची जागा बदलली, कट्ट्यावर मित्रांत न बसता आता घरात आईसोबत बसतात. जेवणानंतर हाताला काम पाहिजे म्हणून मी सूपभर शेंगा पुढे ठेवतो, फोडत बसतात, आणि आमच्याकडे शेंगाचटणीला शेंगा काय कधी पुरत नाहीत. फक्त भाजलेले दाणे चोळून फोल पाखडायचं काम त्यांना देऊ नका, ते नाकातोंडात गेलं की उबळ थांबत नाही. तंबाखूची धूळ पण तशीच, म्हणून आई विड्या वळायला आता शेजारच्या काकूंकडे जाते. तलफ साधारण पाचेक मिनिटांची असते, तेवढी टळली की जाते, हे त्यांना घड्याळ दाखवून पटवलं.

विडी सिगारेटपेक्षा हलकी असा एक समज आहे, तो काढून टाका. तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून जोरात आणि सारखे झुरके ओढावे लागतात, त्यामुळे धूर जास्तच आत जातो.

निकोटिनची गम मेडिकलमध्ये मिळते, २ मिलीग्रॅमची चिठ्ठीशिवाय, पण हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ती च्युइंगमसारखी चावत राहायची नाही. चार वेळा चावायची, जीभ झणझणली की गालात दाबून ठेवायची, मग परत. चहानंतर पंधरा मिनिटं तरी थांबायचं. कवळी असेल तर चिकटते, मग चघळायच्या गोळ्या किंवा पॅच बघा. सरकारचा टोल फ्री नंबर १८०० ११ २३५६ आहे, पाकिटावर छापलेला असतो, तिथे समुपदेशक बोलतात. मी आधी स्वतः बोललो, नंतर फोन अप्पांच्या हातात दिला.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. डेरीफायलीनसारखी धापेची गोळी चालू असेल आणि विडी एकदम सुटली, तर तीच गोळी रक्तात जास्त व्हायला लागते, मळमळ, धडधड, झोप उडणं वगैरे. म्हणून ओढणं कमी झालं की डॉक्टरांना लगेच कळवा, डोस बदलावा लागतो.

पंप नीट ओढतात का ते पण बघा. अप्पा महिनाभर पंपात घालून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते! स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा. धाप लागली की घाबरून तोंडाने हवा गिळतात, तेव्हा त्यांना सांगायचं, नाकाने श्वास घ्या आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठ आवळून हळूहळू सोडा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बहुतेक सीओपीडीवाल्यांना ८८ ते ९२ ठेवायला सांगतात, आपल्या डॉक्टरने दिलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि ९८ दिसावा म्हणून मशीन स्वतःहून वाढवू नका, त्याने उलट गुंगी येऊ शकते. ओठ निळे पडले, एक वाक्य पुरं बोलता येईना, किंवा माणूस भलतंच बडबडायला लागला तर थेट १०८.

बाकी आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे, मे महिन्यात लाईट गेली की मशीन बंद, त्यामुळे भरलेला सिलेंडर बाजूला पाहिजेच. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाची पण विचारून घ्या. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला नेलं तरी होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम सुरू व्हायच्या आत परत आणा.

आणि ते म्हणतातच, आता काय उरलंय बे, एक विडी तरी ओढू दे. यावर भांडू नका. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही हे त्यांना माहितीय, पण विडी सोडली की राहिलेलं सावकाश खराब होतं हे खरं आहे आणि ते या वयातही होतं, एवढंच सांगायचं. शेवटी जीव त्यांचा. मी फक्त ठरवलंय की चिडायचं नाही आणि खोटं बोलायला लावायचं नाही. आता किती ओढल्या ते स्वतः कॅलेंडरवर रेघ मारून सांगतात. दिवसाला चौदावरून दोनवर आलेत. मध्ये एकदा लग्नाला गेलो तर परत सहा झाल्या, मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी त्यांनीच सहा रेघा मारल्या.

परवा गम गालात दाबून बराच वेळ गप्प बसले होते, मग म्हणाले, ह्याला जरा चुना लावून बघू का बे?