घरातला बॉक्सर थांबत नसेल तर त्याच्याशी बोलायचं कसं

घरात कोणी बॉक्सिंग करत असेल, वय चाललंय, मार खाणं वाढलंय आणि तरी "अजून दोन बाउट (लढती), मग बंद" हे दरवर्षी ऐकू येत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी धाकट्या भावाच्या कॉर्नरला, म्हणजे दोन राउंडच्या मध्ये बॉक्सर येऊन बसतो त्या कोपऱ्यात, नऊ वर्षं उभा राहिलो, बादली माझी, पाण्याची बाटली माझी, टॉवेल माझ्या खांद्यावर. त्याला थांबवायला तीन वर्षं गेली आणि त्यातली पहिली दोन मी चुकीचं बोलण्यात घालवली, तुमची तरी तेवढी वाचावीत.

चूक ही की मी त्याला घाबरवायला बघायचो. मेंदूचे फोटो दाखव, जुने बॉक्सर अडखळत बोलतानाचे व्हिडिओ पाठव, जेवताना विषय काढ. तो गप बघून घ्यायचा. एकदा म्हणाला, "दादा, हे सगळं मला तुझ्याआधीपासून माहितीये, माझ्यासोबत स्पारिंग (सरावाची लढत) करायचा ना, तो हल्ली घरचा रस्ता विसरतो, मीच सोडून येतो त्याला." तेव्हा कळलं की मी दोन वर्षं त्याला त्याच्याच घरातली बातमी सांगत होतो.

मोहम्मद अलीचं बघा. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड झाल्यावर त्याचे डॉक्टर फर्डी पचेको यांनी किडन्या खराब होत चालल्याचा रिपोर्ट अलीला पाठवला, त्याच्या बायकोला पाठवला, मॅनेजर आणि कोचलाही पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही आणि शेवटी डॉक्टरच त्याला सोडून गेले. अली खेळतच राहिला. १९८० ला अडतिसाव्या वर्षी लॅरी होम्ससमोर दहा राउंड नुसता मार खाल्ला, कोच अँजेलो डंडीने ती लढत थांबवली, आणि एवढं होऊनही पुढच्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकशी खेळून हरला तेव्हा कुठे बंद केलं. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात डोक्यावरच्या माराचा वाटा किती यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण मला सांगायचंय ते एवढंच की रिपोर्ट हातात देऊन माणूस थांबत नाही, तेव्हा ती वाट सोडा.

भीती का लागू पडत नाही

नाक फुटलं तर रक्त दिसतं, भुवई फाटली तर टाके पडतात, मेंदूला लागलेलं मात्र आरशात दिसत नाही. हनुवटीवर ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, कवटी आधी फिरते, मेंदू मागून येतो आणि त्या ओढाताणीत आतले बारीक तंतू ताणले जातात. कधी वरची एखादी शीर तुटते आणि कवटीखाली रक्त साचायला लागतं, लढतीनंतर तासाभरात माणूस कोसळतो तो बहुतेक वेळा यानेच. आणि हे फक्त नॉकआउटचं नाहीये, रोजच्या स्पारिंगमधले शेकडो लहान ठोसेही जमा होत जातात. ग्लोव्हज मुख्यतः मुठीची हाडं वाचवतात, हेडगार्डने कापणं-फुटणं कमी होतं, आतलं हलणं दोन्हींनी थांबत नाही.

मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२८ मध्येच 'पंच ड्रंक' बॉक्सरांवर लिहून ठेवलंय. आज त्याला सीटीई म्हणतात, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, आणि त्याचं पक्कं निदान अजूनही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे "तुला झालंय" असं छातीठोक सांगणारा कागद जिवंतपणी मिळतच नाही. उलट साधा स्कॅन नॉर्मल येतो आणि बॉक्सर तो परवान्यासारखा जपून ठेवतो. माझ्या भावाने तर लॅमिनेट करून घेतला होता. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे एवढंच की रक्तस्राव किंवा मोठं काही दिसलं नाही, त्यापलीकडे तो फार काही सांगत नाही, हे डॉक्टरच्या तोंडून त्याच्यासमोर वदवून घ्या. तुमच्या तोंडून नको.

अजून एक. या खेळात पहिल्या दिवसापासून शिकवतात की दुखलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, धोक्याची घंटा वाजली की पाय पुढे टाकायचा. वीस वर्षं जो ही घंटा आतल्या आत दाबून टाकायला शिकला त्याच्यासमोर तुम्ही अजून जोरात घंटा वाजवताय, तो तेच करणार जे त्याला येतं.

नक्की काय धरून ठेवतंय ते शोधा

पैसा असेल तर तो सरळ दिसतो. हेवीवेट चॅम्पियन जो लुई १९४९ ला निवृत्त झाला होता, पण आयकराचं देणं एवढं होतं की १९५० मध्ये परत उतरावं लागलं, आणि १९५१ ला रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर पाडलं. लहान बॉक्सरांचंही गणित तसंच असतं, मिळालेल्या रकमेतून मॅनेजरचा वाटा, जो तिसऱ्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो, मग ट्रेनरचे साधारण दहा टक्के, मग तयारीचा खर्च, आणि हातात जे उरतं त्यात मागची उधारी फिटते, म्हणून पुढची बाउट घ्यावी लागते. असं असेल तर तब्येतीवर एक शब्द बोलू नका, त्याच्यासोबत बसून कर्जाचा कागद मांडा.

आशा असेल तर ती जास्त चिवट. जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मायकल मूररला पाडून पुन्हा चॅम्पियन झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक थकलेल्या बॉक्सरच्या खिशात फोरमन आहे. एका ठोशात सगळं बदलू शकतं ही गोष्ट या खेळात खरीच आहे, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. मी फक्त विचारायचो, की तो एक ठोसा लागेपर्यंत किती खायचे ते ठरवलंयस का?

आणि ओळख. माझ्या मते बहुतेकांचं खरं कारण हेच असतं आणि हेच कोणी बोलून दाखवत नाही. शुगर रे लेनर्डच्या डोळ्याचा पडदा सुटला, १९८२ ला ऑपरेशन झालं, निवृत्ती जाहीर केली, आणि तरी तो १९८४ ला, १९८७ ला असा परत परत येत राहिला, शेवटची लढत १९९७ मध्ये चाळिसाव्या वर्षी. हाताशी पैसा होता, नाव होतं, मग काय कमी होतं? ज्या पोराला बाराव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी "तू चांगला आहेस" म्हटलं ते जिममध्ये, त्याला जिम सोड म्हणणं म्हणजे तो जो कोणी आहे तो होणं सोड म्हणणं. शिवाय आजूबाजूला सगळे, कोच, प्रमोटर, मित्र, तो खेळतो म्हणून त्याच्याभोवती असतात, नको म्हणणारा त्यांच्यात एकही नसतो.

हे शोधायला "तू का लढतोस" विचारू नका, त्याला तयार उत्तरं असतात. "उद्या बाउट रद्द झाली तर सगळ्यात जास्त काय टोचेल?" असं विचारा आणि मग खरंच गप्प बसा. मला वाटलं होतं भाऊ पैसे म्हणेल. तो म्हणाला, "सकाळी पाचला उठून जाऊ कुठे?"

कधी आणि कसं बोलायचं

हरल्यावर पहिला आठवडा नको, त्याला तो पराभव पुसायचा असतो, तुम्ही जे बोलाल त्याचा अर्थ "तू संपलास" असाच लागतो. जिंकल्याच्या रात्री तर अजिबात नको. वजन उतरवणं चालू असतानाही नको, तहानलेला आणि उपाशी माणूस कुणाचं ऐकत नाही. दोन बाउटच्या मधला निवांत काळ बघा, आणि समोरासमोर बसून नको, हात कामात असू देत, चालताना, गाडीत, काहीतरी आवरताना.

आमचं असंच झालं. धुतलेले हँडरॅप, ग्लोव्हजच्या आत हाताला बांधतात त्या पट्ट्या, गुंडाळत बसलो होतो. पाच मीटरची पट्टी, तो लहानपणापासून मांडीवर ठेवून न बघता गुंडाळायचा, कडेला कड, विटीसारखी घट्ट. त्या दिवशी कड जुळेना. उलगडली, परत गुंडाळली, परत तिरकी गेली. तिसऱ्यांदा त्याने वर बघितलं आणि मी बघतोय हे त्याला दिसलं. मी काही बोललो नाही, दुसरं टोक धरलं फक्त. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "कधीपासून दिसतंय तुला?"

माझ्याकडे वही होती. तुम्हीही ठेवा, तारीख घालून. तोच प्रश्न पुन्हा विचारणं, संध्याकाळी जीभ जड होणं, झोप मोडणं, उजेडाचा त्रास, पूर्वी नसलेला चिडकेपणा, अक्षर बदलणं, आणि कॉर्नरवाल्यांनी खास बघायचं ते म्हणजे आधी पचणारा ठोसा आता गुडघे लटपटवतो का. ही वही पुरावा म्हणून तोंडावर फेकायची नाही. त्याने विचारलं तेव्हा मी ती त्याच्या हातात दिली आणि खोलीबाहेर गेलो. सोबत एक करा, स्मरणशक्ती, लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचण्या दरवर्षी एकाच डॉक्टरकडे करा, म्हणजे त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी होते.

थांबवायचा निर्णय रिंगमध्ये त्याच्यावर सोडू नका

२०१९ मध्ये रशियन बॉक्सर मॅक्सिम दादाशेव्ह सुब्रिएल मातियासशी खेळत होता. अकराव्या राउंडनंतर त्याचा ट्रेनर बडी मॅकगर्ट त्याच्यापुढे वाकून विनवत होता की मी थांबवतो आता, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. मॅकगर्टने तरीही थांबवली. दादाशेव्ह ड्रेसिंग रूमपर्यंतही पोचला नाही, ऑपरेशन झालं, चार दिवसांनी गेला, वय अठ्ठावीस. तो क्षण मी कितीदा बघितला असेन. ज्या मेंदूला मार लागलाय त्याच मेंदूला आपण विचारतोय की तुला लागलंय का.

म्हणून अटी आधी ठरवा, शांत असताना, कागदावर, त्याच्या सहीने. ओळीने दोन राउंड मार खाल्ला आणि उत्तर दिलं नाही तर टॉवेल, म्हणजे तो रिंगमध्ये टाकून लढत थांबवायची. कोपऱ्यात येऊन कितवा राउंड ते सांगता आलं नाही तर टॉवेल. १९७५ ला मनिलात अलीशी खेळताना जो फ्रेझर चौदाव्या राउंडनंतर उठायला बघत होता, डोळे जवळपास बंद, तरी त्याचे ट्रेनर एडी फच यांनी त्याला बसवलं आणि लढत थांबवली. पुढे याच फच यांनी त्यांच्याकडच्या फ्रेडी रोच या बॉक्सरला खेळ सोड म्हणून सांगितलं तेव्हा रोचने ऐकलं नाही, वडिलांना ट्रेनर करून खेळत राहिला, आणि नंतर त्याला पार्किन्सन्स झाला. म्हणजे एक ट्रेनर नाही म्हणाला की दुसरा मिळतो, तेव्हा त्या कागदावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

तो लगेच थांबणार नसेल तर निदान मार कमी करा. जोरातलं स्पारिंग कमी, नॉकआउटनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्याला एकही ठोसा नाही, शेवटच्या दिवसात पाणी तोडून वजन उतरवणं बंद. आणि बाउटच्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, बोलणं विसंगत झालं, उठवता उठेना, यातलं एकही दिसलं की सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि दुखतंय म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

भाऊ थांबला तो एका वाक्याने थांबला नाही. पाच वाजता जायला जागा हवी होती, ती आधी शोधली, लहान पोरांना ठोसे मारायला हातात पॅड धरायचं काम, डोक्याला मार नाही, पण घाम तोच आणि वास तोच. पहिले सहा महिने वाईट गेले, चिडचिड, गप्प बसणं, दोनदा परत रिंगमध्ये जायचं वेड. उदासी फार वाढली तर तेही डॉक्टरकडे न्यायचंच दुखणं आहे, जिद्द कमी पडली म्हणून सोडून देऊ नका. आणि खेळ सुटला तरी तपासणी सोडू नका, कारण त्रास कधी कधी वर्षांनी वर येतो. आमची पुढची तारीख कॅलेंडरवर त्याने स्वतः लिहिलीये, अक्षर थोडं तिरकं आहे, त्या दिवशी मी सोबत जातोय.