नागपुरात नव्यानं आलात? घरचं लोणी आणि वासाचं तूप

पुणे, सातारा, कोल्हापूरकडून बदलीवर आलेल्या घरांतून पहिल्याच एप्रिलात एक तक्रार येते: अर्धा तास घुसळलं, तरी लोणी येईना. बहुतेक वेळा दूध चांगलंच असतं, स्वयंपाकघर तापलेलं असतं. लोणी गोळा व्हायला विरजलेली साय 12 ते 15 अंशांच्या आसपास हवी. त्याहून गरम झाली की स्निग्धांश मऊ पडतो, कण एकमेकांना धरत नाहीत आणि भांड्याच्या कडेला नुसता तेलकट थर येतो. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो, गच्चीवरच्या टाकीचं पाणीही हाताला पोळतं. तेव्हा जूनपर्यंत घुसळण पहाटे करा, भांडं आणि मिक्सरची पाती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी फक्त बर्फाचं वापरा. मिक्सर सलग फिरवला तर त्याच्या उष्णतेनंच लोणी वितळतं. पाच-सात सेकंद फिरवून थांबत जा. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं, नुसता फेस येतो. तेव्हा थोडं कोमट पाणी घाला.

साय उन्हाळ्यात फ्रीजरमध्येच साठवा, खालच्या कप्प्यात जास्त दिवस राहिली की कडवट होते. विरजण लावताना साय कोमट करून अर्धा किलोला दोन चमचे दही पुरे. मेमध्ये चार-पाच तासांत लागतं. रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबतं आणि तो वास तुपातही उतरतो. थंडीत दहा-बारा तास द्या.

हिशेबही आधीच करून ठेवा. 6 टक्क्यांच्या पिशवीच्या लिटरभर दुधात स्निग्धांश साधारण 60 ग्रॅम, त्यातला काही साय काढल्यावरही दुधातच राहतो. दोन लिटरमागे 100 ग्रॅम तुपाची आशा धरू नका. गवळ्याकडून म्हशीचं दूध मिळालं तर फरक लगेच दिसतो. तूप पांढरं निघालं म्हणून भेसळ समजू नका, म्हशीचं तसंच असतं.

लोणी बर्फाच्या पाण्यानं धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. तीन-चार वेळा लागतात. ताक आत राहिलं तर बेरी (तूप कढवताना तळाशी बसणारा गाळ) जास्त होते आणि लवकर करपते. अर्धा किलो लोण्याचं साधारण 350 ते 400 ग्रॅम तूप होतं. जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यम आचेवर. आधी तडतड आणि पांढरा फेस. हे पाणी उडतंय. आवाज मंदावला की आच अगदी बारीक करा आणि जागेवरून हलू नका. बेरी बदामी झाली, वर बारीक दुसरा फेस आला की बंद. बेरी तपकिरी होईपर्यंत थांबलात तर उतरवल्यावरही पातेल्याची उष्णता ती काळी करते.

आता वासाचं तूप. विड्याचं पान आणि चार मेथीदाणे शेवटच्या दोन मिनिटांत टाकायचे, हे माहीत असेलच. इथं येऊन करण्याजोगं आहे ते संत्र्याच्या सालीचं. साल आतून खरवडून पांढरा भाग काढा, कडूपणा त्यातच असतो, आणि सावलीत दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा. ओली साल घातली तर पाणी तुपात जातं आणि बुरशी येते. सालीचा वास तेलाचा, आचेवर उडून जाणारा. म्हणून गॅस बंद करून, तूप बोट लावता येणार नाही पण धूर किंवा बुडबुडा नाही, इतकं निवल्यावर घाला. पाव किलो तुपाला मोठा चमचाभर चुरा, झाकून तीन तास. मग मलमलीतून गाळा, पिळू नका; पिळलं की चोथा आणि कडवटपणा खाली उतरतो. शिऱ्यावर, पुरणपोळीवर हे तूप झकास लागतं.

लसणाचं तूप रोडग्यांवर (कणकेचे भाजलेले जाड गोळे) सुरेखच, पण ते बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तुपात ओल्या लसणावर विषारी जंतू वाढू शकतात, आणि चवीवरून ते कळत नाही. थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

मेमध्ये तूप बरणीत पातळच राहणार, कणी धरणार नाही. रवाळ हवं असेल तर संध्याकाळी कढवून बरणी कूलरच्या वाऱ्यापासून दूर, खोलीतल्या सर्वांत गार कोपऱ्यात रात्रभर न हलवता ठेवा. तरी जमलं नाही तर नोव्हेंबरपर्यंत वाट बघा, फ्रीजमध्ये घट्ट केलेल्या तुपाला ती कणी येत नाही.