मिनिमल पृष्ठाचे समीकरण सोडवताना या चुका टाळा

तारेच्या कड्यावर ताणलेल्या साबणाच्या पापुद्र्याचे, म्हणजे मिनिमल पृष्ठाचे, प्रतलापासूनच्या उंचीच्या रूपात वर्णन करणारे अरेषीय समीकरण लग्रांजने अठराव्या शतकात मांडले. त्याचा भौमितिक अर्थ, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी मध्य वक्रता (दोन मुख्य दिशांतील वक्रतांची सरासरी) शून्य असते हे, म्यूनिएने १७७६ मध्ये ओळखले. हा अर्थ नजरेआड करून केवळ सूत्राशी झटापट केली, की चुका सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पृष्ठाचा चढ लहान आहे असे गृहीत धरून लाप्लासचे सोपे, रेषीय समीकरण सोडवणे आणि त्याचे गुणधर्म मूळ समीकरणाला चिकटवणे. दोन उत्तरांची बेरीज येथे सहसा उत्तर नसते, एवढे बहुतेकांच्या लक्षात असते. पण उत्तर अस्तित्वातच नसू शकते, हे मात्र विसरले जाते. त्रिज्या १ आणि २ असलेल्या दोन समकेंद्री वर्तुळांमधला कंकणाकृती पट्टा घ्या. बाहेरच्या कडेवर उंची ० आणि आतल्या कडेवर १.५ ठेवा. लाप्लासचे उत्तर लॉगरिदमच्या रूपात लगेच मिळते. मिनिमल पृष्ठाला मात्र येथे कॅटेनॉइडचाच (लोंबत्या साखळीचा वक्र अक्षाभोवती फिरवून बनणाऱ्या पृष्ठाचाच) आकार घ्यावा लागतो आणि त्याला या पट्ट्यात सुमारे १.३१७ पेक्षा जास्त उंची गाठता येत नाही. तरीही संगणक काहीतरी आकडे देतोच. अशा वेळी गणनेच्या जाळीतील बिंदूंमधले अंतर निम्मे करून पाहावे: आतल्या कडेशी चढ जवळपास दुप्पट होत राहिला, तर दोष प्रोग्रॅममध्ये नसून प्रश्नाच्या भूमितीत आहे, असे समजावे. प्रतलातील बहिर्वक्र (कुठेही आत न वळलेल्या) क्षेत्रावर, सीमेवरील उंची सलग बदलत असेल तर ही अडचण येत नाही. म्हणून आधी क्षेत्राचा आकार तपासावा.

संपूर्ण प्रतलावरचे उत्तर सपाटच असते, हे बर्नस्टाइनचे प्रमेयही डोळे झाकून वरच्या मितींत नेऊ नये. ते सात चलांपर्यंत खरे आहे. आठ चलांसाठी बोम्बिएरी, दे जॉर्जी आणि जुस्ती यांनी १९६९ मध्ये सपाट नसलेले उत्तर दिले.

'मिनिमल' या नावामुळे होणारा गैरसमज वेगळा आहे. मध्य वक्रता शून्य म्हणजे क्षेत्रफळ किमान, असे नेहमी नसते. एकाच त्रिज्येच्या दोन समांतर, समाक्ष कड्यांमधले अंतर त्रिज्येच्या सुमारे १.०५५ पटीहून अधिक झाले, की दोन सपाट चकत्यांचे एकत्र क्षेत्रफळ कॅटेनॉइडपेक्षा कमी भरते, आणि सुमारे १.३२५ पटीपलीकडे त्यांना जोडणारा कॅटेनॉइडच उरत नाही. त्याआधी दोन कॅटेनॉइड मिळतात, पण त्यांतला अरुंद कमरेचा अस्थिर असतो. म्हणून समीकरण सुटल्यावर क्षेत्रफळाच्या द्वितीय विचरणाचे (पृष्ठ किंचित हलवल्यावर क्षेत्रफळात होणाऱ्या दुसऱ्या कोटीच्या बदलाचे) चिन्ह तपासल्याशिवाय उत्तर स्थिर आहे असे लिहू नये.