खान्देशात खनिज तंत्रज्ञान संस्था: पैसा कुठून आणायचा आणि कारभार कसा चालवायचा

मँगनीज, कोळसा, लोहखनिज हे विदर्भाचं धन. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाट्याला दख्खनचा काळा दगड, मुरूम, तापीची वाळू, काळ्या मातीखालची चुनखडी कंकर आणि दीपनगरच्या वीज केंद्राची राख एवढंच आलंय. सावद्याकडच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या जोरावर संस्था चालत नाही. म्हणून इथे निघणारी संस्था गौण खनिजांचीच, म्हणजे दगड, मुरूम, वाळू यांचीच असायला हवी. नागपूरच्या संस्थांचा आराखडा उचलून इथे बसवला, तर पाच वर्षांनी महागडी यंत्रं आणि रिकामी नमुना-वही एवढंच हाती राहील.

सरकारी मदतीवर चालणाऱ्या अशा संस्थेत सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच असतं. इमारतीचा पैसा आधी मिळतो, माणसांचा मागाहून येतो आणि देखभालीचा येतच नाही. म्हणून खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे.

आधी प्रयोगशाळा हवी का ते ठरवा

दुनियेत या कामाच्या दोन तऱ्हा दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या मिंटेकची सुरुवात १९३४ मध्ये खनिज प्रयोगशाळा म्हणून झाली. स्वतःची यंत्रं, स्वतःची माणसं, सरकारी अनुदान आणि जोडीला उद्योगांकडून कामाचं शुल्क, असा तिचा गाडा चालतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१३ च्या कायद्याने खनिज संशोधन संस्था उभारली, पण ती मुख्यतः पैसा देते. प्रकल्प निवडते, उद्योगाचा हिस्सा जोडून घेते आणि काम विद्यापीठांकडून करून घेते. आपल्याकडे नागपूरचं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या भागीदारीतून उभं राहिलं. ते पहिल्या जातीचं.

खान्देशासाठी मधला मार्ग बरा. दगड-खडीच्या नेहमीच्या चाचण्या स्वतःच्या प्रयोगशाळेत करा, पण एक्सआरडीसारखी (क्ष-किरणांनी दगडातली खनिजं ओळखणारी) महाग तपासणी सामंजस्य कराराने कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा नागपूरहून करून घ्या. महिन्याला चाळीस नमुनेसुद्धा येणार नसतील तर असं यंत्र विकत घेऊ नका. एक्सआरएफला, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, वातानुकूलित खोली, स्थिर वीजदाब, थंड पाण्याची सोय आणि काही जातींत आर्गॉन-मिथेनचं सिलिंडर लागतं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा त्या खोलीतला एसी बंद पडला की यंत्रही बंद. शिवाय सर्वसमावेशक देखभाल करारापोटी दरवर्षी यंत्राच्या किमतीच्या साधारण ५ ते ८ टक्के मोजावे लागतात. हा खर्च खरेदीच्या प्रस्तावात कुणी लिहीत नाही, आणि तीन वर्षांनी यंत्रावर प्लास्टिकचं आवरण चढतं.

कायदेशीर रूप

सोपा मार्ग म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी. महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते, त्यामुळे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. पदसिद्ध सदस्यांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होतेच. म्हणून घटनेत व्यक्तीचं नाव कधीही लिहू नका, फक्त पद लिहा. दुसरा मार्ग कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. तिची शिस्त कडक असते, पण उद्योगांचा पैसा तिच्याकडे जास्त विश्वासाने येतो.

नियामक मंडळाची बैठक कुणामुळे अडेल, हे घटना लिहितानाच पाहा. सचिव दर्जाचे अध्यक्ष असतील तर तारीख मिळत नाही. अध्यक्ष नसतील तेव्हा उपाध्यक्षांना पूर्ण अधिकार, सात दिवसांच्या नोटिशीवर बैठक, एक-तृतीयांश गणपूर्ती आणि संचालकांना ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचे स्वतंत्र अधिकार, ही चार कलमं सुरुवातीलाच घालून घ्या. मागाहून घटना दुरुस्त करायची तर धर्मादाय कार्यालयात दोन पावसाळे जातात.

जिल्हा खनिकर्म अधिकारी मंडळावर हवेत. पण प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली देऊ नका. ज्या कार्यालयातून स्वामित्वधनाची (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रॉयल्टीची) थकबाकी निघते, दंड होतो, तिथे कोणता क्रशरवाला आपल्या खदानीचा दगड तपासायला आणेल? नमुना-वहीत मालकाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती वही कुणाच्या हाती देणार नाही, असा ठराव हवा. त्याउलट क्रशरवाल्यांचा प्रतिनिधी मंडळावर असेल तर त्याला संशोधनाचे विषय सुचवता येतील, पण चाचणी अहवालावर त्याची सावलीही पडू नये.

राज्याचं अनुदान: लेखाशीर्ष मिळाल्याशिवाय काही नाही

शासन निर्णय निघाला म्हणजे पैसा मिळाला असं नव्हे. अर्थसंकल्पात संस्थेचं लेखाशीर्ष, म्हणजे तिच्या खर्चाचं ठरावीक क्रमांकाचं खातं, उघडलं गेलं पाहिजे. या विषयाचं प्रधान शीर्ष २८५३, अलोह खाणकाम व धातुकर्म उद्योग. त्याखाली तीन उद्दिष्ट शीर्षं स्वतंत्रपणे मागा: ३६ सहायक अनुदाने (वेतन), ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर) आणि ३५ भांडवली मत्तेच्या निर्मितीकरिता अनुदाने. तिन्हींचा पैसा एकमेकांत वळवता येत नाही. फक्त ३५ मिळालं आणि ३६ राहिलं, तर कुलूपबंद इमारत तयार होते. अशा इमारती तुम्हीही पाहिल्या असतील.

नवीन संस्था ही अर्थसंकल्पाच्या भाषेत ‘नवीन बाब’. तिचा प्रस्ताव विभागाकडे ऑक्टोबरच्या आधी पोहोचला, तर मार्चच्या अर्थसंकल्पात येण्याची शक्यता. उशीर झाला तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी, आणि बहुधा हजार रुपयांची लाक्षणिक. तीही नाकारू नका, कारण लेखाशीर्ष त्यातून उघडतं. आकृतिबंधाला, म्हणजे पदांच्या संख्येला, वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. २५ पदं मागून ६ मिळण्यापेक्षा सुरुवातीला १२ मागा आणि प्रत्येक पदापुढे वर्षाला किती नमुने, किती प्रकल्प, हे लिहा. स्वच्छता, सुरक्षा आणि वाहनचालक यांचं काम बाह्यस्रोतातून घ्या, त्यांचा खर्च ३१ मध्ये बसतो.

आता रोकड. एप्रिलमध्ये वित्त विभागाचं निधी वितरणाचं परिपत्रक निघतं, मग बीम्स या राज्याच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर रक्कम दिसते आणि प्रत्यक्ष पहिला हप्ता बरेचदा पावसाळ्यात मिळतो. शेवटचा येतो ३१ मार्चच्या रात्री. मधल्या काळात पगार अडतात, चांगला तंत्रज्ञ सोडून जातो आणि नमुने पडून राहतात. त्यावर उपाय एकच: किमान चार महिन्यांच्या पगाराएवढा राखीव निधी. वर्षाचा चालू खर्च १ कोटी ६० लाख धरू. त्यात वेतन ९६ लाख, वीज-देखभाल २४ लाख, रसायनं आणि अंशांकन (यंत्रांची मापं प्रमाणाशी ताडून पाहणं) १६ लाख, संशोधन १६ लाख, नमुना गोळा करण्याची गाडी आणि प्रवास ८ लाख. म्हणजे राखीव ३२ लाख हवा. तो अनुदानातून काढता येत नाही. चाचणी शुल्काच्या शिलकेतूनच साठवावा लागतो, म्हणून पहिली तीन वर्षं त्या शिलकेला हात लावू नका.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान: सगळ्यांची नजर इथेच, आणि चूकही इथेच

२०१५ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात कलम ९ ब आलं आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा जिल्ह्याचा निधी, अस्तित्वात आलं. महाराष्ट्रात गौण खनिजावर स्वामित्वधनाच्या १० टक्के रक्कम त्यात जमा होते. दर ब्रास ६०० रुपये स्वामित्वधन धरलं तर ६० रुपये. लाख ब्रासमागे ६० लाख. हिशेब मोहात पाडणारा आहे. पण हा पैसा खाणबाधित गावांचा आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, कौशल्य विकास अशा उच्च प्राधान्याच्या कामांवर जायला हवी. ‘संस्थेच्या पगारासाठी’ असा प्रस्ताव गेला तर तो फेटाळला जाईल आणि फेटाळायलाच हवा.

मागायचं असेल तर गावाला लागणारी सेवा मागा. क्रशरभोवतीच्या धुळीचं मोजमाप आणि कामगारांची फुफ्फुस तपासणी, सोडून दिलेल्या खदानीत साठलेल्या पाण्याची गुणवत्ता, क्रशर चालकांचं प्रशिक्षण, असे ठरावीक मुदतीचे आणि गावनिहाय प्रस्ताव करा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात तर त्याशिवाय पाऊलच टाकू नका. एखादं उपकरण घ्यायचं असेल तर जिल्हा वार्षिक योजनेतल्या नाविन्यपूर्ण योजनेचा दरवाजा ठोठवा.

स्पर्धेतून मिळणारा पैसा

केंद्रीय खाण मंत्रालयाच्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यक्रमाचे प्रस्ताव सत्यभामा पोर्टलवर जातात. नवउद्योग आणि लघुउद्योगांसाठी त्याच कार्यक्रमात २०२३ पासून प्रिझम ही योजना आहे. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग स्थानिक गरजेच्या प्रकल्पांना मदत करतो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनमध्ये मोठ्या संस्था केंद्रस्थानी आणि छोट्या त्यांच्या जोडीला अशी रचना आहे. राखेतले दुर्मिळ घटक तपासायचे असतील तर मुंबईच्या आयआयटीसारख्या केंद्राची जोडीदार संस्था व्हा, स्वतंत्र अर्जाचा हट्ट नको. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर आधी सीएसआर-१ नोंदणी करून घ्या.

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) या नियमांच्या, म्हणजे जीएफआरच्या, १२-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. पहिल्या हप्त्याचं प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज तुमचं नाही, ते शासनाला परत जातं. प्रत्येक प्रकल्पाचं खातं वेगळं ठेवा. एकाच खात्यात सगळं ओतलं की कोणतं व्याज कुणाचं, हे वर्षअखेरीस सनदी लेखापालालाही सांगता येत नाही. मालमत्तेची नोंद जीएफआर २२ मध्ये करा. एक्सआरएफसाठी नमुना वितळवायला लागणारी प्लॅटिनमची मूस असेल तर तिची नोंद नगात नको, ग्रॅममध्ये हवी, आणि पदभार देताना-घेताना ती वजन करूनच द्या-घ्या. वर्षाचं अनुदान २५ लाखांपेक्षा कमी नसेल आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसेल, तर महालेखापालांचं लेखापरीक्षण येतं. त्याला घाबरू नका. निविदेच्या तुलनात्मक तक्त्यावर प्रत्येक पुरवठादार का बाद झाला याची एक ओळ लिहिलेली असली, की निम्म्या हरकती गळून पडतात.

चाचणीचं शुल्क: ‘सरकारी आहे, स्वस्त ठेवा’ हा सल्ला ऐकू नका

खडीच्या नेहमीच्या संचाचा खर्च असा मांडा. तंत्रज्ञाचा वार्षिक खर्च ४.८ लाख आणि प्रत्यक्ष कामाचे १,६०० तास, म्हणजे तासाला ३०० रुपये. चाळणी, आघातमूल्य, लॉस एंजेलिस (घर्षणाने होणारी झीज मोजणारी चाचणी), चपटेपणा, जलशोषण मिळून सहा तास: १,८००. चाळण्यांची झीज आणि साहित्य २५०, यंत्राचा घसारा ५००. एकूण २,५५०. त्यावर अंशांकन, प्रावीण्य चाचण्या (तोच नमुना इतर प्रयोगशाळांशी ताडून पाहणं) आणि कार्यालयीन खर्चाचे ४० टक्के, म्हणजे १,०२०. झाले ३,५७० रुपये, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा, पण गणित याच पद्धतीने करा. छोट्या खदानवाल्याला सवलत द्यायची असेल तर ती उघडपणे, ठराव करून द्या.

अहवालाला किंमत येते ती एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेने, म्हणजे आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे. कागदपत्रांपेक्षा घोटाळे नमुन्यात जास्त होतात. क्रशरवाला ढिगाच्या वरचा चांगला माल आणतो. म्हणून नमुना शक्यतो तुमच्याच माणसाने ढिगाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून घ्यावा, चौथाई पद्धतीने (ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग ठेवत) कमी करावा आणि अर्धा भाग सहा महिने सीलबंद ठेवावा. लॉस एंजेलिस यंत्रात ठरलेल्या प्रतवारीनुसार पोलादी गोळे आणि ५०० किंवा १,००० फेरे लागतात. गोळे झिजून हलके झाले की दगड आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. दर महिन्याला त्यांचं वजन करा. काँक्रीटच्या रस्त्याच्या वरच्या थरासाठी लॉस एंजेलिस मूल्य, म्हणजे झिजलेल्या दगडाचं प्रमाण, ३० टक्क्यांच्या आत हवं, त्यामुळे दोन टक्क्यांची चूकही कंत्राट फिरवते.

संशोधनाचे विषय इथल्याच जमिनीतून काढा. धुळे-नंदुरबारमध्ये तापीला साधारण समांतर अशा डाइकच्या, म्हणजे भेगांत शिलारस थिजून झालेल्या, भिंती पसरल्या आहेत. त्यांचा दगड घट्ट असतो, तर पोकळ्यांत झिओलाइट भरलेला बेसाल्ट पाणी शोषतो आणि आघाताने लवकर फुटतो. कोणत्या खदानीतला दगड कृत्रिम वाळूला चालेल आणि कोणता फक्त भरावाला, याचा तालुकावार नकाशा हे पहिल्या दोन वर्षांचं काम. कृत्रिम वाळूत ७५ मायक्रॉनखालची बारीक भुकटी आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत चालते, नैसर्गिक वाळूत फक्त ३ टक्के. क्रशरवाले हा फरक विसरून चुरीच (खडी फोडताना उरणारा बारीक चुरा) वाळू म्हणून विकतात आणि मग गिलावा फुटतो. चुरी धुवायला पाणी किती लागतं आणि धुवून निघालेला गाळ कुठे टाकायचा, याचं उत्तर संस्थेने दिलं, तर क्रशर संघटना पुढच्या वर्षी स्वतःहून वर्गणी घेऊन येईल. ती वर्गणी मात्र ‘संशोधन निधी’ अशा वेगळ्या खात्यात जमा करा आणि पावतीवर लिहा, की तिच्या बदल्यात चाचणीत कोणतीही सवलत नाही.